तिसऱ्या रांगेतली बोटं

ती केस आजही आठवते. चोर, दरोडेखोर, खुनी सगळे बघितले. पण त्या केसमध्ये मला जो धक्का बसला तो गुन्हेगाराने दिलेला नव्हता. तो माझ्याच अक्षरातल्या एका ओळीने दिला.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून उतरलो. नोकरीचे शेवटचे आठ महिने उरले होते आणि पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात ड्युटी होती. तिथे मी पूर्वीही सहा वर्षं काढलेली. सकाळची हजेरी झाली, चहा आला, आणि भांडुपची एक म्हातारी शेजारणीला घेऊन आत आली. शेजारणीच्या हातात मोबाईल.

म्हातारी खुर्चीवर न बसताच म्हणाली, "सायबानू, माझो झील जिवंत असा."

मी म्हटलं, "बेपत्ता आहे का आजी? कधीपासून?"

"बेपत्ता नाय. मेलेलो. बावीस वर्सां झाली."

शेजारण कानात पुटपुटली, "साहेब, रागावू नका. कालपासून जेवली नाहीये."

तिचा मुलगा कॉलेजात असताना चार मित्रांनी रॉक बँड काढला होता. हा गिटार वाजवायचा. तो गेला आणि बँड मोडला. आता उरलेले तिघं चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा एकत्र आले, पुणे-नाशिक करत शेवटचा कार्यक्रम घाटकोपरच्या एका सभागृहात केला आणि त्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. म्हातारीचे गुडघे गेलेले, म्हणून ती कार्यक्रमाला गेली नव्हती. शेजारणीने तिला व्हिडिओ दाखवला.

मी बघितला. तिघांचे केस गेलेले, जॅकेटं मात्र तीच, चेन लागत नाही अशी. गिटारला एक नवा माणूस. मागे पडद्यावर म्हातारीच्या मुलाचा मोठा फोटो. गायक सांगतो, हे गाणं आमच्या मित्राने बांधलं होतं, आज त्याच्यासाठी. कॅमेरा प्रेक्षकांवर फिरतो. लोक मोबाईलचे दिवे हलवतायत. तिसऱ्या रांगेत टोपीवाला, दाढीवाला एक माणूस बसलेला. तो टाळ्या वाजवत नाही. डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट धरलंय आणि त्यावर बोटं दाबतोय.

"आजी, चेहरा नीट दिसत नाही."

"तोंडाक काय बघतास? बोटां बघ! जेवताना ताटाच्या काठार अशीच नाचवी. कितीदा मारलंय मी हातार. म्हटलंय, जेव आधी मेल्या…" आणि ती एकदम थांबली.

माझा चहा तसाच राहिला. कारण म्हातारीला माहीत नव्हतं, पण त्या मुलाचं प्रेत खाडीतून काढलं तेव्हा मीच तिथे होतो.

तेव्हा मी पोलीस नाईक होतो. चार दिवस पाण्यात राहिलेलं प्रेत. तोंडावरून काही कळण्यासारखं उरलं नव्हतं. अंगात काळा शर्ट, खिशावर बँडचं नाव शिवलेलं, कॉलरच्या आत धोब्याची शाईची खूण. त्या काळी बेवारस प्रेताची ओळख आम्ही धोब्याच्या खुणेवरून पटवायचो. मी भांडुपचे धोबी पालथे घातले आणि दुसऱ्या दिवशी घर शोधून काढलं. वडील गिरणी कामगार. शर्ट बघितला आणि मान फिरवली. प्रेतावरचा कपडा मी बाजूला करायला गेलो तर म्हणाले, "नको." सही केली. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन, प्रेत ताब्यात. साहेबांनी पाठ थोपटली होती. एका दिवसात ओळख पटवली म्हणून.

म्हणून मला म्हातारीला घरी पाठवायचं होतं. पण आमच्या ठाण्यात नवीन लागलेल्या उपनिरीक्षक मॅडम होत्या, माझ्या मुलीपेक्षा लहान. त्या म्हणाल्या, "काका, गायकाला बोलावून विचारायला काय जातं?"

गायक बँकेत मोठ्या हुद्द्यावर. चिडूनच आला. "मॅडम, त्याच्या तिरडीला खांदा दिलाय मी. कशाला उकरताय?"

मॅडमनी व्हिडिओ लावला. तो हसत बघत होता. मग हसणं गेलं. म्हणाला, "मागे घ्या." पुन्हा म्हणाला, "अजून मागे घ्या." तिसऱ्यांदा बघून त्याने टेबल धरलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"साहेब, हे गाणं कधी रेकॉर्डच झालं नाही. आम्ही आठवून आठवून बसवलंय. मधे एक जागा कुणालाच आठवेना, म्हणून नव्या गिटारवाल्याने आपल्या मनाने काहीतरी टाकलं. इथे बघा, स्टेजवर तो चुकीचं वाजवतोय. आणि हा खाली बसलेला…" त्याने त्या माणसावर बोट ठेवलं. "ह्याची बोटं बरोबर जागेवर जातायत. हीच ती जागा. च्यायला, हीच ती."

मॅडमनी व्हिडिओ तिथेच थांबवला. वायरलेस तेवढा खरखरत होता.

पुढचं काम सोपं होतं. सभागृहात खुर्च्यांना नंबर, तिकिटं मोबाईलवरून काढलेली. खुर्चीवरून तिकीट, तिकिटावरून नंबर, नंबरवरून पत्ता. पत्ता निघाला बोरिवलीचा. मला वाटलं होतं दुबई निघेल, निदान गुजरात. हा पठ्ठ्या आईपासून तासाभराच्या रस्त्यावर, दुसरं नाव लावून, स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. बायको, एक मुलगी.

आम्ही दुकानात शिरलो तेव्हा त्याच्या हातात पाना होता. आम्ही साध्या कपड्यांत होतो, तरी त्याने ओळखलं. मी त्याला त्याच्या जुन्या नावाने हाक मारली. त्याने पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "एवढी स्पीकरची पेटी बंद करू द्या."

चौकशीला मीच बसलो. माणूस खोटं बोलतो तेव्हा तपशील फार देतो, हा माझा अनुभव. हा तपशील देतच नव्हता. दुपारपर्यंत एकच, "मी पळालो. बस."

शेवटी मी टेबलावर हात आपटला. "ए, तू पळालास ते कळलं. तुझा शर्ट घालून मेला तो कोण?"

तेव्हा तो रडायला लागला.

गोवंडीचा त्याचा एक मित्र होता. पत्र्याच्या कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी बँडचे स्पीकर उचलायला यायचा, फुकट. स्टेजवर एकदा तरी उभं राहायचं त्याला वेड. त्या दिवशी दोघं खाडीवर बसले, बीअर प्यायले. मित्र म्हणाला, तुझा शर्ट दे ना, एकदा घालून बघतो. ह्याने दिला आणि त्याचा चौकड्याचा शर्ट स्वतः घातला. मग ह्याने चेष्टेत म्हटलं, बँडमध्ये यायचंय ना, मग त्या खांबापर्यंत पोहून दाखव. तो गेला. अर्ध्यात हात वर केले. ह्याला वाटलं, स्टेजवर असल्यासारखा हात हलवतोय. ह्याने टाळ्या वाजवल्या.

"मी टाळ्या वाजवल्या, साहेब."

घाबरून तो सुरतला पळाला. आठवड्याने मराठी पेपर हातात पडला, त्यात स्वतःच्या मरणाची बातमी.

"मग आईला कळवायला काय झालं होतं? एक पोस्टकार्ड टाकता आलं नाही?"

"कळवलं असतं तर सगळ्यांनी हेच विचारलं असतं ना, मग मेला तो कोण?"

मी विचारलं, "हे सगळं खरं कशावरून? तूच त्याला ढकललं नाहीस कशावरून? तुझा मित्र होता तरी का, ह्याला पुरावा काय?"

तो म्हणाला, "त्याच्या डाव्या करंगळीचं टोक नव्हतं. प्रेस मशीनमध्ये गेलेलं. तुमच्या कागदात असेल ना ते. आणि साहेब, मी गिटार वाजवायचो. माझी बोटं कुणी मोजली नाहीत?"

मी चौकशी तिथेच सोडून रेकॉर्ड शोधायला उठलो.

जुनी फाईल खरं तर एव्हाना नष्ट व्हायला हवी होती. मुद्देमालाच्या खोलीत दुसऱ्याच गठ्ठ्यात सापडली. पंचनामा माझ्या अक्षरात. त्यात ओळ होती, "डाव्या हाताच्या करंगळीचे टोक खेकड्यांनी खाल्लेले दिसते." मीच लिहिलेली. पाण्यातल्या प्रेतांची बोटं खेकडे खातात, आम्ही दर वेळी तेच लिहायचो.

खाली शवविच्छेदनाचा अहवाल, इंग्रजीत. मॅडमनी वाचला. मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात मराठीत सांगितला. "काका, डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलंय. करंगळी जुनी तुटलेली, जखम मरणाच्या कितीतरी आधी भरून आलेली. दुसरी कुठलीही इजा नाही. बुडून मृत्यू." मग म्हणाल्या, "हा अहवाल तेव्हा कोणी वाचला नाही?"

अहवाल आला तेव्हा तो मीच फाईलला लावला होता. मी शेवटची ओळ बघितली होती. 'बुडून' ह्याचा इंग्रजी शब्द मला ओळखू यायचा. बाकीचं इंग्रजी मला येत नव्हतं, येत नाही. साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "कोणाला तरी वाचून दाखवा म्हणायचं होतं ना."

"लाज वाटली. नाईक असून इंग्रजी वाचता येत नाही म्हणतील."

ती भाजी निवडत राहिली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आई आणि मुलाची भेट ठाण्यात झाली. सगळा स्टाफ दाराशी जमा झालेला. आम्हाला वाटलं, म्हातारी गळ्यात पडेल. तो पाया पडायला वाकला तर तिने पाय मागे घेतले.

"तुझ्या नावान मी बावीस वर्सां श्राद्धाचा पान वाढलंय. ता जेवलो तो खयच्या आवशीचो, खयच्या आयेचो झील?"

त्याने खाली मानेने सांगितलं.

"तिका काय सांगलंस?"

"काही नाही."

"मग माका आये म्हणू नको. आदी तिच्याकडे चल."

मोठे साहेब म्हणाले, ते काम आम्ही रीतसर करू, गोवंडीच्या ठाण्याला पत्र पाठवू. म्हातारी म्हणाली, "पत्र कसला पाठवतास? ती काय पत्राची वाट बघता?" मॅडमनी गाडी काढली.

गोवंडीत ती चाळ पाडायला काढलेली होती. सगळी घरं रिकामी, दारं-खिडक्या लोकांनी काढून नेलेल्या. एकाच खोलीला दार होतं. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, "सगळे संक्रमण शिबिरात गेले. ही बाई हलत नाही. म्हणते, पोरगा आला तर कुठल्या दाराला येईल? बिल्डरवाले आठ दिवसांत जबरदस्तीने काढणार आहेत."

बाई साठीच्या पुढची, जालन्याकडची. आम्ही आत गेलो. मुलगा बाहेरच थांबला, त्याला उंबरा ओलांडवेना. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात ती म्हणाली,

"मी वळखते तुमाला."

मी म्हटलं, "बाई, आपण पहिल्यांदा भेटतोय."

"न्हाई. पोरगं भांडुपला गाण्यावाल्यांकडं जायचं म्हनून मी तिकडल्या ठाण्यात आले व्हते. तुमी टेबलावर बसला व्हता. मी सांगितलं, चौकड्याचा शर्ट घालून गेलाय, डाव्या हाताची करंगळी अर्धी हाय. तुमी म्हनला, बाई, ही आमची हद्द न्हाई, गोवंडीला जा. आन् मला पानी दिलं."

मला ती आठवत नव्हती. आजही आठवत नाही. त्या टेबलावरून मी रोज पाच-दहा जणांना हद्द नाही म्हणून परत पाठवत होतो. तिची तक्रार आणि माझा पंचनामा एकाच ठाण्यात, कदाचित एकाच टेबलावर होते.

सगळं मीच सांगितलं. मॅडम सांगायला लागल्या होत्या, मी त्यांना थांबवलं. बाई ऐकत राहिली. मग तिने एकच विचारलं, "आग कुनी दिली?"

भांडुपची म्हातारी म्हणाली, "माझ्या घोवान, झिलाच्या बापाशीन. झील समजानच दिल्यान बाय. तो रडलो तोय झील समजानच."

बाई उठली, तिच्या शेजारी जाऊन बसली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. बाहेर तो भिंतीला टेकून उभा होता. त्याला आत ये असं दोघींपैकी कुणी म्हटलं नाही.

बाई खोली सोडायला मात्र तयार नव्हती. म्हणाली, "तोंडी मी लई ऐकलं. तो गेला आसं कागद सांगंल तवा जाईन." मॅडमनी बिल्डरच्या माणसांना सांगून थोपवून धरलं. मी निवृत्त होईपर्यंत एकच काम केलं. जबाब, कोर्टाचा हुकूम, महापालिका, जुनी नोंद रद्द, नवी नोंद. गिटारवाल्याचं पुढे काय करायचं ते वरच्या साहेबांकडे गेलं, माझ्या हातात राहिलं नाही.

दाखला मिळाला त्या दिवशी मी एकटा गेलो. बाईला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "वाचून दावा." मी मुलाचं नाव, बापाचं नाव, पत्ता वाचला.

"बोटाचं लिवलंय का?"

दाखल्यात बोटाचं नसतं. पण मॅडमनी डॉक्टरच्या अहवालाचं मराठी करून दिलं होतं, ते मी घडी करून नेलं होतं. ते वाचलं. करंगळीची ओळ आली तशी ती म्हणाली, "परत." मी परत वाचली.

"हां," ती म्हणाली. "त्योच."

मग तिने ट्रंक ओढली आणि मला म्हणाली, "धरा एका बाजूनं."

निवृत्तीनंतर लोक विचारतात, पोलीस खात्याने काय शिकवलं. मी सांगतो, जे येत नाही ते विचारायला लाजू नये. लाजेने माझं काही बिघडलं नाही. त्या बाईची बावीस वर्षं गेली.

मागच्या वर्षी माझी बायको आजारी पडली. हॉस्पिटलचा प्रत्येक कागद मी डॉक्टरला मराठीत सांगायला लावला. तरुण डॉक्टर कंटाळायचे. ती खाटेवरून म्हणायची, "अहो, त्यांना सोडा आता, आरोपीसारखं काय बसवून ठेवलंय?" मी सोडलं नाही. शेवटचा कागद आला तोही शब्दन् शब्द समजून घेतला आणि मग सही केली. ती वाचली नाही. पण तिला काय झालं होतं ते मला माहीत आहे.