लवणारी दांडी

गोल्फच्या दुकानात जाळीत मारलेले माझे चार फटके पाहून कारागीर हळूच म्हणाला, "काका, हात मंदावलाय आता. स्टिकची दांडी स्टीलचीच ठेवू, पण हलकी आणि जरा लवणारी घ्या. चेंडू सहज उचलला जाईल."

माझा खेळातला जोडीदार वसंता, त्यानं अशीच दांडी घेतली तेव्हा मी त्याला वर्षभर "म्हातारबा" म्हणून चिडवलं होतं. तो हसून म्हणायचा, "तुझीही वेळ येईल, तेव्हा बघतो तुला."

वेळ आली, पण वसंता गेल्या हिवाळ्यातच गेला. चिडवणारं कुणी असलं की म्हातारपणही खेळातलंच वाटतं, नाहीतर नुसतं वय उरतं.

"हीच बसवा," मी म्हटलं. निघताना दारात उगीच थांबलो, मागून कुणी हाक मारतंय का ते ऐकत.