धूसर फोटोवर भागवणारा बसवराज

बसवराज गेल्याचा फोन आला तेव्हा बहिणीला गाडीत बसवून मी येडशी स्टेशनवरून परत निघाले होते. झोपेतच हृदय बंद पडलं, त्याची बायको सांगत होती. मी तिथल्याच बाकावर बसले... धाराशिवच्या आमच्या लहानशा रुग्णालयात कित्येक वर्षं तो हाडांची ऑपरेशनं करायचा आणि मी भूल द्यायचे. मूळचा नळदुर्गचा. घरी कन्नड, पेशंटशी इथली मराठी, आणि माझ्याशी बहुतेक वेळा वाद.

त्याचं नाव निघालं की मला कविता नावाची आमची एक पेशंट आठवते. ढोकीजवळ ती बसलेली उसाची ट्रॉली उलटली आणि तिचं कमरेखालचं हाड मागच्या बाजूनं निखळलं. स्क्रू बसवल्याशिवाय ती नीट उभी राहणं कठीण होतं, आणि स्क्रू नेमका जातोय का हे बघायला ऑपरेशन चालू असताना पुन्हा पुन्हा एक्स-रे घ्यावे लागतात. कविताला चौथा महिना होता. आधीच्या दवाखान्यात तिला मूल पाडायला सांगितलं होतं.

"किरणांनी लेकराला काय हुईल का?" तिनं विचारलं.

बसवराज खुर्ची ओढून उशाशी बसला. "धोका न्हाईच, असं म्या म्हणणार न्हाय. पण लई थोडे फोटो काढू, तेबी कमी किरणांचे. तुमचं काय म्हणणं हाय?"

तिनं शेजारी उभ्या सासूकडं पाहिलं नाही. "मग करा," म्हणाली.

आदल्या दिवशी तो प्लास्टिकचं हाड घेऊन स्क्रूचा कोन ठरवत बसला होता. ऑपरेशनला त्यानं यंत्र सगळ्यात कमी किरणांवर ठेवलं, पडद्यावर सलग चालणारं चित्र बंद करून एकेक फोटोच घेतला. पडद्यावरचे फोटो इतके धूसर, की मला काही कळेना. त्याला पुरत होते. मध्येच स्क्रूच्या आधी घालायची तार वाकडी जातेय असं त्याला वाटलं. शेजारून पायाची नस जात होती. मी म्हटलं, एकदा किरणं वाढवून स्वच्छ फोटो घे ना. त्यानं नकारार्थी मान हलवली, तार बाहेर काढली, हाड चाचपलं आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी ती बरोबर गेली.

कविताला मुलगी झाली, धडधाकट. ती बातमी कळेपर्यंत बसवराज आतून किती धास्तावला होता, हे मला ठाऊक होतं. बातमी आली तेव्हा ओपीडी तशीच सोडून तो व्हरांड्यात जाऊन उभा राहिला होता... बराच वेळ. तो गेल्यावर त्याच्या घरी भेटायला कविता लेकीचं बोट धरून चालत आली.

आमच्याकडं आता नवा सर्जन आहे. बसवराजबरोबर त्यानं काही महिने काम केलंय. परवा एक्स-रेच्या पेडलवरचा पाय त्यानं मध्येच उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "या फोटोत मला काय बघायचंय?" बसवराज दर वेळी हेच विचारायचा. उत्तर सापडलं नाही तर फोटो काढायचाच नाही. मी मास्क वर ओढला आणि मॉनिटरकडं बघत राहिले.