जुना कापूस

माझी ताई उंदरांच्या मेंदूचे फोटो काढते. हे सांगितलं की लोक हसतात आणि माझं डोकं फिरतं. हसायला काय झालं? गुंगीचं औषध दिलेला उंदीर मशीनच्या नळीत ठेवायचा, इवल्याशा तोंडावर मास्क, डोकं जराही हलू द्यायचं नाही. मेंदूतले कोणते भाग एकमेकांशी बोलतात आणि कोणते अबोला धरून बसतात, ते त्या फोटोंत दिसतं. या उंदरांमध्ये मुद्दाम एक दोष आणलेला असतो, ऑटिझम असलेल्या काही माणसांत सापडतो तोच. उंदीर लहानपणी एकदा नळीत जातो, मोठा झाल्यावर पुन्हा. मधल्या काळात तो मेला की सगळी मेहनत पाण्यात.

"उंदरांचं डोकं कळलं असेल तर आता नवऱ्याला घाल नळीत," असं मी तिला चिडवते.

चिडवते, कारण भाऊजी तसे वाईट नाहीत, पण स्वतःच्या मुलाला टरकून असतात. मुलाला आम्ही पिल्लू म्हणतो. एकोणीस वर्षांचं हे पिल्लू दार भरून उभं राहतं. बोलत नाही. ऑटिझम असलेली सगळीच मुलं मारतात असं नाही, आमचा मारतो. ताईची करंगळी त्याच्यामुळे वाकडी आहे, माझ्या कानाची पाळी त्यानेच फाडली. भाऊजी तर वर्षानुवर्षं त्याच्या हाताच्या टप्प्यात गेले नाहीत, ताटसुद्धा लांबून सरकवतात. तरी एकदा त्याने त्यांना गाठून त्यांचं गळपट्टीचं हाड मोडलं, तेव्हा त्याला काही आठवडे एका संस्थेत ठेवलं. परत आणताना भाऊजींनी एकच अट घातली. पुन्हा हात उगारला की संस्थेची गाडी बोलवायची आणि मग तो कायमचा तिथेच. ताईने मान हलवली. दुसरं काय करणार होती?

तो यायचा त्याच दिवशी सकाळी तिचा एक उंदीर गेला. नर उंदीर घर आणि भाऊबंद वासावर ओळखतात, म्हणून पिंजरा बदलताना जुन्या घरट्यातला चिमूटभर कापूस नव्या पिंजऱ्यात टाकायचा, हे तिथे सगळ्यांना पाठ असतं. नवा मदतनीस विसरला. चकाचक पिंजरा, त्यात नळीतून आलेला, औषधाचा वास मारणारा उंदीर. सख्ख्या भावांनीच त्याला फाडलं. पाठीची सालटी निघाली, एक डोळा गेला, तरी श्वास चालूच. ताईने स्वतःच्या हाताने त्याची मान मोडली, मग रिकामा पिंजरा भिंतीवर आपटून त्या मदतनिसावर ओरडली, "वास पुसून टाकलास रे त्यांचा!"

इकडे घरी भाऊजी लेकाच्या स्वागताला लागले होते. चार दिवसांपूर्वीच त्याच्या खोलीला रंग दिलेला. आता नवी गादी आणली, फरशी फिनेलने तीनदा पुसली, कपाटातला कपडा न् कपडा धुतला. तो येणार म्हणून मीही आले होते, मी कौतुकच केलं. घामाने निथळत होते बिचारे, त्यावरच नवा शर्ट चढवला.

गाडी पिल्लूला सोडून गेली. डोकं भादरलेलं, अंगाला दवाखान्याचा वास. उंबऱ्यात त्याने हुंगलं आणि तो किंचाळला. पहिला ठोसा भाऊजींच्या तोंडावर बसला, दात उडून फरशीवर पडला. मग खुर्ची, मग आरसा. तेवढ्यात ताई आली आणि सरळ मध्ये घुसली. तीही कामावरून साबणाने अंघोळ करूनच आलेली. त्याने तिचे केस धरून तिचं डोकं नव्या रंगाच्या भिंतीवर हाणलं. मी त्याच्या पाठीत स्टूल घातलं, त्याला पत्ताही लागला नाही.

भाऊजी रक्त थुंकत फोनवर ओरडत होते, "गाडी पाठवा! आत्ताच्या आत्ता!"

"त्याचं पांघरूण कुठंय?" ताई जमिनीवरून ओरडली.

"कचऱ्यात दिलं."

"माझा जुना गाऊन?"

"धुतला. सगळं धुतलंय!"

संपलं, असं मला वाटलं. ताई उठली, भिंत धरून. कपाळावरून रक्त डोळ्यात उतरत होतं. तिने नवऱ्याची कॉलर धरली आणि शर्ट टराटरा फाडला. आत सकाळपासूनचा, घामाने चिंब बनियन.

"जा त्याच्याजवळ."

"अगं, जीव घेईल तो माझा!"

"मग घेऊ दे! या घरात न धुतलेलं तुम्हीच एक उरलाय!"

तिने दोन्ही हातांनी त्यांना ढकललं. पिल्लूने त्यांची मान धरली. मी डोळे मिटले. मला वाटलं, आता ऐकू येणार मोडल्याचा आवाज.

ऐकू आलं ते हुंगणं. पिल्लूने बापाच्या काखेत नाक खुपसलं होतं आणि तो भराभरा श्वास ओढत होता. दोघं तसेच खाली बसले, रक्ताने माखलेले. भाऊजींनी एक हात हवेत तसाच धरला होता. मग हळूच त्यांनी तो मुलाच्या भादरलेल्या डोक्यावर ठेवला आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले.

फोन वाजला. मी उचलला. "गाडी निघतेय. पत्ता तोच ना?"

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मग पडलेल्या दाताच्या फटीतून ताईला म्हणाले, "गीझर बंद कर. मी काही आज अंघोळीला जात नाही."