दोन्ही व्हॉल्व्ह बंद, तरी नळाला पाणी

आमची लाइन बंद होती. शेजारच्या पालिकेनेही त्यांची बंद केली होती. तरी भोईर काकूंच्या नळाला पाणी येत होतं.

मी तेव्हा पाणीपुरवठा विभागात ज्युनियर इंजिनियर होतो. ती गल्ली म्हणजे दोन शहरांची हद्द. डावीकडची घरं आमच्याकडे, उजवीकडची त्यांच्याकडे. पूर्वी तिथे एकच ग्रामपंचायत होती. विलीनीकरणात गाव अर्धं-अर्धं वाटलं गेलं. आता तर सगळी शहरं मिळून एक महापालिका करायची चर्चा होती. त्यामुळे काहीही विचारलं की उत्तर एकच, विलीनीकरण झालं की बघू.

पण गल्लीत कावीळ पसरली होती. काकूंची नात हॉस्पिटलमध्ये होती.

पाण्यात क्लोरीन आहे का, हे बघायला नमुन्यात औषधाचे थेंब टाकतात. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. आमचं पाणी पिवळं झालं, शेजारच्या पालिकेचंही झालं. काकूंच्या नळाचं मात्र तसंच राहिलं.

शेजारच्या पालिकेचे इंजिनियर लालवानी, त्यांच्याच शहरातल्या कॅम्प पाच या वस्तीत राहणारे. मी त्यांना म्हटलं, मी तर हा नळ तुमच्या लाइनवरचा समजत होतो. ते म्हणाले, मला तर तो तुमचा वाटत होता. आम्ही दोघं नकाशे उघडून उभे राहिलो. दोन्ही नकाशांत काकूंचं घर होतं, कनेक्शन एकातही नव्हतं.

काकू शांतपणे म्हणाल्या, "पानी कोनाचा हाय ते नंतर बगा. आदी बंद करा."

आमचा जेसीबी, त्यांची माणसं. खणलं तर दोन्ही लाइनींच्या खाली तिसरा पाइप निघाला. बिडाचा, जुना, बहुतेक ग्रामपंचायतीच्या काळातला. तो नाल्यातून जात होता आणि नाल्यातच गंजून फुटला होता. दाब कमी झाला की नाल्याचं पाणी आत शिरायचं. पण त्यात पाणी सोडत कोण होतं? मागे जावं तर पाइप एका नव्या बिल्डिंगखाली शिरलेला.

लालवानी म्हणाले, "तोडू या. जिसका होगा वो आएगा."

पाइप तोडून दोन्ही तोंडं बंद केली. काकूंना आमच्या लाइनवरून कनेक्शन दिलं. त्यासाठीचा पाइप लालवानींच्या स्टोअरचा.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, "बंद केलेला पाइप कोणाचा होता?"

"माहीत नाही, सर."

"मग परवानगी कोणाची घेतली?"

साहेबांनी दुसरी फाइल ओढली.

नात बरी होऊन घरी आली. गल्लीत नवे पेशंट निघाले नाहीत. मी आणि लालवानी मात्र पाणी गेल्याची तक्रार कुठून येते याची वाट बघत राहिलो. ती कुठूनच आली नाही. ते पाणी कोणाचं होतं, हे मला आजही ठाऊक नाही. एवढं कळलं, की विलीनीकरणात गाव येतं, घरं येतात, स्टाफही येतो. पाइप आपणहून येत नाहीत, ते खणूनच ताब्यात घ्यावे लागतात.