कांद्याच्या खोलीतलं विमान

मी जात्याच संशयी आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. अनसिंगजवळ आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. वांगी, पालक, सांबार. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. ज्या बाईला रोज व्यापाऱ्याच्या काट्यावर नजर ठेवावी लागते, तिला भोळं राहून चालत नाही. म्हणून माझं दुसरं विमान पडलं तेव्हा मी वाऱ्याला दोष दिला नाही. आधी घरच्यांची तोंडं पाहिली.

विमान म्हणजे रिमोटवर उडणारं, मी स्वतः आखून बनवलेलं. भाजीवाल्या बाईला हे कुठून सुचलं, असं लोक विचारतात. मोबाईलवर पाहिलं, आणखी कुठून? पण तिथले तयार नकाशे मी घेतले नाहीत. आमच्या मळ्यावर घार फिरते, पंखही न हलवता. तिच्याकडं पाहून मी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला पंख आखले. ते थर्माकोलचे केले, आत बांबूची कामटी घातली, वरून खाकी चिकटपट्टी लावली. धड सनपॅकचं, म्हणजे निवडणुकीच्या बोर्डाला असतो तो पोकळ प्लास्टिकचा पत्रा. माझ्या विमानाच्या पोटावर पडलेल्या उमेदवाराचं अर्धं तोंड होतं. मोटर, बॅटरी, रिमोट तेवढं पार्सलनं आलं.

हा सगळा पसारा मळ्यातल्या विटांच्या खोलीत होता. पूर्वी तिथं फवारणीचा पंप आणि रिकामे क्रेट असायचे. मी ते बाहेर काढले, खोली झाडली आणि दाराला माझं कुलूप लावलं. चावी तेवढी घरात खुंटीला असायची. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या घरात माझं म्हणावं असं काहीच नव्हतं. कपाटात नवऱ्याची कागदपत्रं, फळीवर सासूचे डबे. ती खोली मात्र माझी होती. तिथं बसून पंख घासताना मला कोणाची सून, कोणाची बायको असल्यासारखं वाटायचं नाही, आणि ते मला फार आवडायचं.

पहिलं विमान सोयाबीन निघाल्यावर उडवलं. ते एका अंगावर कलंडून पडलं. चूक माझी होती, एक पंख पिळलेला राहिला होता. दुसरं संक्रांतीच्या सुमारास उडवलं. हातातून सुटताच त्यानं नाक वर केलं, आणखी वर केलं, हवेत उभं राहिलं आणि दगडासारखं खाली आलं. नाकाचा चुरा झाला. बांधावर उभे असलेले लोक पोट धरून हसले. नवरा हसला नाही, हे त्याहून वाईट. तो जेवताना म्हणाला, उन्हाळी कांदा निघाला की ठेवायला जागा लागते, तिसरं पडलं तर खोली कांद्याला. मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंडच कुठं होतं?

पण माझ्या डोक्यातून ते उभं राहिलेलं विमान जाईना. विमानाचं सगळं तोलावर असतं. पंखाखाली दोन बोटं धरून उचललं की ते आडवं राहिलं पाहिजे. माझ्या विमानाची शेपटी लांब, म्हणून मी नाकात लोखंडी वायसर, म्हणजे नटाखाली घालतात त्या चकत्या, चिकटवून तोल साधला होता. आदल्या दिवशी चारदा बोटांवर घेऊन पाहिलं होतं. शेपटी जड असेल तरच विमान असं नाक वर करून उभं राहतं. मग आदल्या दिवशी बरोबर असलेली शेपटी सकाळी जड कशी झाली? कोणीतरी हात लावल्याशिवाय?

पहिला संशय नवऱ्यावर. खोली त्याला हवी होती. पण त्याला विमानाचं पुढचं कोणतं आणि मागचं कोणतं हे सुद्धा सांगावं लागायचं, त्याच्याकडून इतकं बारीक काम होणं शक्य नव्हतं. गावातल्यांवर घ्यावा, तर तेच माझ्यावर संशय घेऊन होते. कोणी म्हणायचं त्यात कॅमेरा आहे, रस्त्यासाठी वावरं मोजून राह्यली. कोणी म्हणायचं, बाईच्या जातीला हे धंदे कायले पाह्यजेत. पण खोलीपर्यंत यायची त्यांची हिंमत नव्हती.

उरली सासू. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाई कमी बोलतात, पण तिसरं विमान तयार होत आलं तसं त्यांनी एकच गोष्ट विचारायला सुरुवात केली. कधी उडवणार? नक्की कोणत्या दिवशी? सकाळी की दुपारी? ज्या बाईनं माझ्या विमानाकडं कधी धड पाहिलं नाही, तिला दिवसाची एवढी चौकशी काहून? एकदा मी वांगी तोडून आले, तर त्या खोलीतून बाहेर पडत होत्या, हात पदराखाली. काय पाहिजे होतं, विचारलं तर म्हणाल्या, मांजर शिरली होती. आमच्या मळ्यात मांजर नाही.

हरभरा निघाला, शेजारचं वावर रिकामं झालं, आणि उडवायचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी मी विमान बोटांवर घेतलं. आडवं, एकदम आडवं. बोटं जिथं टेकली होती तिथं पंखाखाली पेनानं ठिपके दिले, खोलीला कुलूप लावलं आणि चावी नेहमीसारखी खुंटीला ठेवली. मुद्दाम.

सकाळी वावरात पोहरादेवीच्या यात्रेला जमावेत तसे लोक जमले होते. नवऱ्यानं तर ट्रॉलीत कांदे भरूनच आणले होते आणि ट्रॉली माझ्या खोलीच्या दारासमोर उभी केली होती. आत्याबाई बांधावर बसल्या होत्या, नजर खाली. मी विमान उचललं आणि सगळ्यांसमोर त्याच ठिपक्यांवर बोटं लावली.

शेपटी खाली गेली.

मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. चोर सापडल्याचा आनंद. बॅटरी पाहून येते म्हणून मी विमान घेऊन खोलीत आले आणि शेपटीवरची पट्टी ब्लेडनं कापली. आत काळ्या फडक्याची पोटली होती, चांगली मुठीएवढी, धाग्यानं शिवून टाकलेली. उसवली तर आत खडेमीठ, मोहऱ्या आणि घोड्याच्या नालेचा तुकडा. मग कोपऱ्यातलं दुसऱ्या विमानाचं भंगार ओढलं. पडल्यावर मी फक्त फुटलेलं नाक पाहिलं होतं, शेपटी शाबूत म्हणून तिकडं पाहिलंच नव्हतं. त्यातही पोटली निघाली, लहान. पहिल्याची शेपटी फाडली. ती रिकामी.

दारात आत्याबाई उभ्या होत्या. मी पोटली त्यांच्यासमोर धरली.

"हे तुमीच केलं ना?"

त्यांनी आधी मागं वळून पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना. "हळू बोल. म्याच केलं."

"काहून? माह्यं विमान पाडाले?"

"पाडाले कायले?" त्या माझ्याकडं मूर्खाकडं पाहावं तसं पाहू लागल्या. "पहिलं पडलं, तवाच समजलं मले, नजर लागली. म्हणून दुसऱ्यात घातलं. तेही पडलं. म्हणलं, कमी पडलं असन. म्हणून याच्यात नाल टाकली."

म्हणजे माझं विमान पडायचं म्हणून या वजन वाढवायच्या, आणि वजन वाढायचं म्हणून ते पडायचं. हे असंच चाललं असतं तर चौथ्या विमानात त्यांनी अख्खा घोडा घातला असता. मला राग आला होता आणि हसूही येत होतं, आणि बाहेर कांद्याची ट्रॉली उभी होती.

मला का नाही विचारलं, असं मी म्हटलं. त्यावर त्यांचं म्हणणं असं की मी कोणाचं ऐकणाऱ्यांतली नाही, आणि वरून त्यांच्यावरच पाळत ठेवून होते. दोन्ही खरं होतं, त्यामुळं मी वाद घातला नाही. मग त्या खोलीभर नजर फिरवत, माझ्याकडं न पाहता म्हणाल्या, "माह्यं बी एक काम चालत होतं या खोलीत, बारकंसं. गोधड्या शिवत होती मी. तुह्या सासऱ्यानं खताच्या थैल्या भरल्या." मला हे कधीच कोणी सांगितलं नव्हतं. कोणत्या कोपऱ्यात बसायच्या, एवढंही विचारायला मला सुचलं नाही.

पोटली फेकून द्यावी, हे सरळ होतं. पण मी तिच्याकडं पाहत राहिले. जवळपास तेवढ्याच वजनाचं लोखंड मी नाकात घातलं होतं. मी त्यांना विचारलं, ट्रॅक्टरला लिंबू-मिरची पुढं बांधतात की मागं? पुढं, म्हणाल्या. मग विमानाला मागं कशी चालेल? हे त्यांना पटलं. तरी पुरती खात्री नव्हतीच; मी नाकातले वायसर खरवडून काढले तेव्हा पोटली त्यांनी स्वतःच्या हातानं आत बसवली आणि पट्टी घट्ट दाबून पाहिली. पोटली वायसरांपेक्षा जराशी जड होती, म्हणून मी बॅटरी बोटभर मागं सरकवली आणि बोटं ठिपक्यांवर टेकवली. विमान आडवं राहिलं.

वावरात आले तेव्हा लोक कंटाळून चुळबुळत होते. मी मोटर पूर्ण सोडली आणि हात झटकला. विमान सरळ गेलं. नाक वर केलं नाही, एका अंगावर कलंडलं नाही. बाभळीच्या वरून वळलं, पडलेल्या उमेदवाराचं अर्धं तोंड उन्हात चमकलं, आणि घारीसारखंच ते पुन्हा आमच्या डोक्यावर आलं. मी रडत होते, हे मला नंतर लोकांनी सांगितलं. हरभऱ्याच्या खुंटांवर घसरत ते उतरलं तेव्हा नवऱ्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि उडलं बाप्पा, एवढंच म्हणाला.

"कांदे ओसरीत टाक," आत्याबाईंनी त्याला सांगितलं. त्यानं निमूटपणे ट्रॉली वळवली.

लोक पांगल्यावर मी विमान काखेत घेऊन त्यांच्याजवळ गेले. त्या बांधावर अजून उभ्याच होत्या, वावराकडं पाठ करून, जाणाऱ्या एकेका माणसाचं तोंड निरखत. विमान हवेत असतानाही त्या अशाच उभ्या होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, "आत्याबाई, पाह्यलं का नाई?"

"म्या कायले पाहू?" त्या म्हणाल्या. "वर तू पाहून राह्यली होती. इकडं कोणाची कशी नजर हाय, हे कोण पाह्यन?"