बाईंचे मासे आणि माझी चिमूट

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे चहा सांडणार नाही. मी एकदा माशांना जेवू घालून मारायला निघालो होतो. उपाशी ठेवून कुणीही मारील हो! जेवू घालून मारायला माझ्यासारखाच माणूस लागतो.

तेव्हा मी लोणावळ्यात एका पारशी बाईंच्या बंगल्यावर माळी होतो. शाळा फार नाही झाली, पण हाताला गुण होता. मी वाळकी काटकी रोवली तरी तिला पान फुटतं, असं लोक म्हणायचे. वाईट एवढंच, की मलाही ते खरं वाटायचं.

बाईंना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पडवीत काचेची मोठी टाकी होती. तळाला वाळू, वाळूत पाण्याखाली वाढणारं हिरवंगार गवत, आणि त्या गवतातून फिरणारे तऱ्हेतऱ्हेचे मासे. तांबडे, पट्ट्यापट्ट्यांचे, काही तर भाताच्या दाण्याहून जरासेच मोठे. बाईंनी ते मुंबईहून पाण्याच्या डब्यात, डबा मांडीवर धरून, आगगाडीनं आणले होते. रोज सकाळी त्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसायच्या आणि एकेकाशी गुजरातीत बोलायच्या. घरात दुसरं होतं कोण बोलायला?

एकदा बहीण आजारी म्हणून त्यांना मुंबईला जावं लागलं. निघताना मला बोलावलं.

“धोंडू डिकरा, खानसाम्यावर माझा भरोसा नाय. तो तळून खाईल. तू सांभाळ. दिवसाला चिमूटभर खाणा. किती?”

“चिमूटभर, बाई.”

“जास्ती नाय हां! माझा सगळा जीव तुझ्याकडे ठेवते.”

सुरुवातीला मी चिमूटच टाकली, शपथेवर सांगतो. पण मी पडवीतून गेलो की सगळे मासे काचेशी गोळा. तोंड उघडायचं, मिटायचं. उघडायचं, मिटायचं. आता तुम्हीच सांगा, एवढी लेकरं दारात आ करून उभी राहिली तर तुमच्या हातून चिमूट सुटेल की मूठ? आमच्या घरी पाहुणा ‘पुरे’ म्हणाला तरी आणखी एक भाकरी वाढायची रीत. आणि मासा तर ‘पुरे’ म्हणतच नाही!

तशात भाजे गावची माझी मावशी आमच्याकडे राहायला आली. गावी ती इंद्रायणीतल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालायची, पुण्य लागतं म्हणून. टाकी बघून तिनं कपाळावर हात मारला.

“आरं धोंड्या, मासं हितं पडवीत, आन् मी मेली गुडघं धरून नदीवर जातीया व्हय?”

“मावशी, बाईंचं मासं हायती ते.”

“मासा समदा देवाचा. बाईची काच तेवढी!”

मावशीनं गोळ्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी ती आळीतल्या चार बायका घेऊन आली. मग त्यांच्या सासवा आल्या. खानसामाही पावाचा चुरा टाकून हात जोडायला लागला. पडवीत नुसती जत्रा! नारळाचं दुकान तेवढं लागायचं राहिलं होतं.

आणि पाण्याची झाली पेज.

“तुरटी फिरव की,” मावशी म्हणाली. “घरात गढूळ पाण्याला काय करतो आपण?”

फिरवली. पाणी कसं लख्ख झालं! पण मासे सगळे वर आले आणि भराभरा तोंडं उघडायला लागले. मी म्हटलं, बघा, पाणी चांगलं झालं आणि भूक खवळली! टाकली मूठ. ते आणखी आ करायला लागले. टाकली दुसरी.

तेवढ्यात माझी बायको हौसा भाकरी घेऊन आली. टाकीकडे बघितलं आणि तिनं माझा हातच धरला.

“अवं, थांबा! त्ये खात न्हाईत. दाणं बगा, तसंच तरंगत्यात. भाताचा भारा घिऊन चढ चढताना तुमी असंच तोंड वासता की! त्यास्नी धाप लागलीया.”

हातातली मूठ तशीच राहिली. दोन मासे उलटे झाले होते. मला बाईंची रिकामी खुर्ची दिसली.

बंगल्याच्या मागं टांग्याच्या घोड्यांना पाणी पाजायची दगडी डोणी होती, शेवाळलेली, विहिरीच्या पाण्यानं भरलेली. दुसरं होतं काय? हौसानं पदराची झोळी केली आणि आम्ही एकेक मासा डोणीत नेला. टाकीतलं वाचलेलं गवत कुंडीत लावून तेही बुडवलं. मग मी लांब जाऊन बसलो. चार दिवस खायला चिमूटसुद्धा टाकली नाही. माझ्या हाताचा मलाच भरवसा उरला नव्हता.

ते दोन गेले. बाकीचे शेवाळात दिसेनासे झाले. टाकी धुऊन, नवी वाळू घालून, बाई यायच्या आत सगळं जागच्या जागी करायचं असा माझा बेत होता. पण बाई कळवलेल्या दिवसाआधीच आल्या! टांगा फाटकातून आत, टांगेवाल्यानं घोडं सोडलं, आणि घोड्यानं नेहमीप्रमाणं डोणीत तोंड घातलं.

“आवरा! घोडं आवरा! बाईंचं मासं पितंय!”

“घोडं मासं खातंय व्हय, भाऊ?” टांगेवाला म्हणाला. “ऊन लागलं जनू तुमाला!”

मी घोड्याच्या गळ्याला लोंबकळलो. बाई छत्री मिटून बघत राहिल्या.

“धोंडू, मी आली, आणि तू घोड्याला मिठी मारते?”

माझं बोलणं आधीच हळू. मी “बाई, त्याचं असं झालं” म्हणेपर्यंत त्या डोणीवर वाकल्यासुद्धा. मी डोळे मिटून घेतले.

“धोंडू! हे काय?”

बघतो तर शेवाळात लपलेली मोहरीएवढी पिल्लं! इथं दोन, तिथं चार, कुंडीमागं तर नुसता बुजबुजाट. बाई रेशमी साडीनिशी ओल्या डोणीवर बसल्या, पिल्लं मोजायला लागल्या, चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून लागल्या. हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

“टाकीत एक पोरगा जगला नाय कधी. मोठे खाऊन टाकायचे. तू काय केला?”

“काईच केलं न्हाई, बाई,” मी म्हटलं. “म्हनून जगली.”

मग मी सगळं सांगितलं. गेलेले दोघं कोणते, ते बाईंनी विचारून घेतलं. नंतर माशांच्या खाण्याचा डबा माझ्याकडून मागून घेऊन त्यांनी हौसाच्या हातात दिला. “झाडं तुझी. चिमूट हिची!” तो डबा मला पुन्हा मिळाला नाही.

हौसा आता नाही. डॉक्टरनं माझा भात कमी केलाय, आणि वाढायला सूनबाई आहे. परवा जेवण झाल्यावर मी उगाच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. बोललो काही नाही. तोंड जरा उघडलं, मिटलं.

सूनबाईनं चुलीकडून मान वळवली नाही.

“आबा, ती गोष्ट मला तुमीच सांगितलीया,” ती म्हणाली, आणि माझ्या तळहातावर गूळ ठेवला. चिमूटभर.