तोफगोळ्यातली खरखर

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. नाही जमणार? बरं, हसा. अख्खं जव्हार हसून झालंय, तुम्हालाच का उपाशी ठेवू!

मी इथे ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवते. हा विषयच वाईट बघा. एकदा डोक्यात शिरला की माणसाला साधा दगड साधा दिसत नाही. प्रत्येक ढिगाऱ्याखाली गढी, प्रत्येक खड्ड्यात भुयार!

तर मे संपत आला होता. माझी मैत्रीण वनिता मोखाड्याकडच्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवते. तिच्या घराचं काम काढलं होतं. पावसाच्या आत पाया भरून भिंती उभ्या करायच्या, म्हणून सगळ्यांची धावपळ. आणि अचानक तिचा फोन.

"बाई, तुम्ही येऊन जा. खड्ड्यात कायतरी निघालंय. कोनी हात लावत नाय."

मी जीप पकडून गेले. भर दुपार, पण पाड्यावर चिडीचूप. खणणारे कुदळी टाकून लांब आंब्याखाली बसलेले. वनिताचे सासरे, त्यांना आम्ही सगळे बाबाच म्हणतो, खड्ड्याच्या काठावर एकटे उभे.

मी वाकून पाहिलं. कमरेइतक्या खोलीवर तांबड्या मातीत गोळे होते. गोल म्हणजे अगदी गोल, कुणी हातावर वळून ठेवल्यासारखे. बेलफळाएवढे, एकाशेजारी एक, मांडून ठेवलेले. वारा नव्हता, कुणी हलत नव्हतं, तरी एका गोळ्याच्या कडेची माती आपोआप सुळकन खाली घसरली.

"पायलंत?" बाबा हळूच म्हणाले. "कोनीतरी पुरून ठेवलंय. चांगल्या मनानं नाय ठेवलं."

माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यात माझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली ना! शिरपामाळ इथून किती लांब? महाराज सुरतेला जाताना तिथे थांबले, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. मग फौज कुठून गेली असेल? दारूगोळा कुठे दडवला असेल?

"वनिता," मी ओरडलेच, "अगं हे तोफगोळे आहेत!"

"मातीचे?" वनिता म्हणाली.

"भाजलेल्या मातीचे! घाईत दगड कुठून घडवणार?"

"पन बाई, हितं तर आमचा गुरांचा गोठा व्हता. पार आज्ज्याच्या टायमापासून."

"गोठा नंतरचा गं! आधी दारूखाना असणार."

बघा, उत्तर माझ्या हातात आणून ठेवलं होतं तिनं. मी ते बाजूला सारलं आणि वर हुकूम सोडला, की जाणकार माणूस येऊन बघेपर्यंत इथे कुदळ लावायची नाही. वनिताचा चेहरा उतरला. तिनं एकदा आभाळाकडं पाहिलं, एकदा उघड्यावर मांडलेल्या संसाराकडं. पण बाईंचा शब्द! काम थांबलं.

तीन गोळे मी पिशवीतून घरी आणले आणि टीव्हीच्या वरच्या फळीवर मांडले. माती फार होती, म्हणून रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायचे. प्रेमानं हो, देव पुसावेत तसे. फोटो ग्रुपवर टाकला. मग काय विचारता! लोक बघायला येऊ लागले. एकानं हार घातला. एका काकांनी तर चप्पल बाहेर काढून मुजरा केला. मी कॉलेजच्या हॉलमध्ये व्याख्यान ठरवून टाकलं.

आणि मग ती संध्याकाळ.

पावसाआधीचे ढग आमच्या माळावर कसे उतरतात, माहीत आहे ना? खिडकीबाहेरचं झाड दिसेनासं होतं. त्यात वीज गेलेली. माझा नवरा सुधीर बाजारात. घरात मी एकटी, चहा गाळत होते.

खर्र.

मी थांबले. काही नाही. परत गाळणं उचललं.

खर्र... खर्र... टक.

उंदीर असेल म्हणून बाहेरच्या खोलीत आले, तसा आवाज बंद. एकदम बंद. जसं कुणीतरी माझी चाहूल घेतंय. मी श्वास धरून उभी राहिले. आणि मधला गोळा, आईशप्पथ सांगते, माझ्या डोळ्यांदेखत जरासा वळला. मान वळवावी तसा!

पळून जावं ना माणसानं? मी जवळ गेले. का गेले, विचारू नका. पाय आपोआप गेले. कान लावला. आत कुणीतरी नखांनी भिंत खरवडत होतं. सावकाश. न थकता. गोळ्याला ओल्या मातीचा वास येत होता, नुकताच बुजवलेला खड्डा असतो ना, तसा.

सुधीर आला तेव्हा मी अंगणात उभी होते, हातात गाळणं. मी सांगितलं तसा तो हसला, आत गेला, कान लावला आणि माझ्यापेक्षा वेगानं बाहेर आला.

"तू त्यांच्याशी बोल," तो म्हणाला. "तू आणलंयस."

आता तुम्हीच सांगा, तोफगोळ्यात कोण असणार? माझ्या मते तोफ डागणारा गोलंदाज! कुणी बिचारा त्या माळावर पडला असेल, त्याचा जीव अडकला असेल. मी उदबत्ती लावली, पदर डोक्यावर घेतला आणि जमेल तेवढ्या जुन्या मराठीत म्हटलं, "सुभेदार, आमचे काही चुकले असल्यास माफी असावी. आपली इच्छा काय, ते कळवावे."

खर्र, झालं.

"मूळ जागी परत जायचे आहे का?"

खर्र खर्र.

सुधीर दारातून म्हणाला, "हो म्हणताहेत वाटतं."

झोप कसली लागतेय! उजाडल्यावर वनिताला फोन केला. ती बाबांना घेऊन दुपारी आली. ढग तसेच उतरलेले. आम्ही चौघं फळीसमोर उभे, आणि आता तिन्ही गोळ्यांतून आवाज येत होता.

बाबा हात जोडून म्हणाले, "बाई, मी पयलंच बोललो व्हतो. परत पुरून टाकू. आनि घर आमी दुसरीकडं बांधू."

"दुसरीकडं कुठं, बाबा?" वनिता रडवेली झाली. "आपली जागा तेवढीच हाय."

माझ्यापायी हिचं घर अडून राहणार! मी पुढे होऊन मधला गोळा उचलायला हात घातला, आणि त्याला तडा गेला. माझ्या बोटांखाली! एक ढलपी खाली पडली. भोकातून काळं, चकचकीत शिंग बाहेर आलं.

मी सोफ्यावर. वनिता सोफ्यावर. सुधीर सोफ्यामागे.

शिंगामागून डोकं आलं, मग काटेरी पाय, मग माझ्या अंगठ्याहून जाड काळंभोर धूड. सुभेदारांनी पाठीची ढाल उघडली, घर्रर्र करत खोलीला फेरी मारली आणि थेट सुधीरच्या छातीवर आदळले. तो जो किंचाळला, तो बाजारपेठेत ऐकू गेला म्हणतात.

बाबा निरखून बघत होते. "ह्यो तर शेणातला भुंगा," ते म्हणाले. "पावसात दिव्यावर येतो तो. पन ह्यो गोळ्यात कुठं घुसला?"

ते आम्हाला कुणालाच सांगता येईना. माझी भाची केतकी जर्मनीत जंगलातले किडे अभ्यासते. तिला व्हिडिओ कॉल लावला. फोन गोळ्यांवर धरला, तर पोरगी तिकडे नाचायलाच लागली.

"मावशी! अगं, ही त्यांची बाळंतिणीची खोली आहे! मादी जमिनीखाली शेणाचा गोळा करते, वरून मातीचा लेप देते आणि आत अंडं घालते. अळी आतून शेण खाऊन मोठी होते आणि ओल लागली, लेप मऊ झाला, की भुंगा बाहेर! मी इथे दिवसभर झाडांखाली हरणांच्या लेंड्या उलटवत फिरते, तेव्हा कुठे नखाएवढा एखादा मिळतो. आणि तुझ्याकडे टीव्हीवर तीन? तू पाणी घातलंस का त्यांना?"

"पुसत होते," मी म्हटलं. "रोज."

"म्हणजे तूच उठवलंस त्यांना!"

पलीकडून हसू. मग बाबांच्या खांद्यांना गदगद सुरू झाली, आणि वनितानं तोंडात पदर कोंबला. शेणाला हार, शेणाला मुजरा, शेणापुढे उदबत्ती! व्याख्यान रद्द केलं ते तब्येतीचं कारण सांगून, पण कारण सगळ्यांना ठाऊक.

दुसऱ्या दिवशी पाड्यावर काम सुरू झालं. मीही पाट्या उचलल्या, तोंड कुठे होतं नाही म्हणायला! मधेच एकदा मी कॉलेजात असताना वनिताचा फोन आला होता.

"बाई, आनखी येक गोळा निघालाय. मोठा हाय."

"वनिता, नाव काढू नकोस," मी म्हटलं. "हा म्हशीच्या शेणाचा असेल. टाक घराच्या पायात."

पाऊस लागायच्या आत भिंती झाल्या, पत्रे चढले. वनितानं मला जेवायला बोलावलं. नव्या जमिनीवर पाट मांडलेला, नाचणीची भाकरी, गरम कालवण. मी मजेत जेवत होते.

"त्या शेवटच्या गोळ्यानं लई ताप दिला बरं का," बाबा म्हणाले. "दोघांनी मिळून उचलला. गंजलेला व्हता, हाताला समदं लोखंड लागलं."

घास माझ्या हातातच राहिला. "लोखंड? कुठे आहे तो, बाबा?"

बाबांनी माझ्या पाटाखालच्या जमिनीकडं बोट दाखवलं.

"तुमीच तर बोललात पायात टाका म्हून. त्याच्यावरच बसलात न्हवं!"